पिलाचे शिक्षण केव्हा सुरू करावे?

कुत्र्याचे पिलू घरी आले की आपल्याकडे एक गोष्ट हटकून होते. त्याच्या गळ्यात दोरी पडते आणि ते गोठ्याच्या कोपऱ्यात बांधले जाते. “माणसांत फार मिसळू दिलं तर राखणीला निकामी होईल,” असे जाणती मंडळी सांगतात. आणि शिकवायचे केव्हा? तर मोठे झाल्यावर! ही समजूत पिलाच्या मुळावर येते, आणि कधी शेजारच्या पोराच्या पोटरीवरही.

पिलाचे डोळे साधारण दोन आठवड्यांनी उघडतात. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंत ते जगाची ओळख करून घेते. या मुदतीत जे भेटले ते आपले; जे भेटले नाही त्याचे पुढे भय. अमेरिकेत बार हार्बर येथील प्रयोगशाळेत काही पिले १४ आठवडे माणसांपासून दूर, कुंपणाच्या आत वाढवली. या प्रयोगाची हकीकत १९६१ साली प्रसिद्ध झाली. पुढे त्यांना माणसाळवण्याचा पुष्कळ खटाटोप केला, पण ती बुजरीच राहिली. आपल्या गोठ्यातला कोपरा म्हणजे असेच एक कुंपण नव्हे काय?

तेव्हा पिलाला आठ आठवडे आईपाशी राहू द्यावे. मात्र त्या काळातही रोज थोडा वेळ हातात घ्यावे. पोरांना सांगा, शेपटी ओढायची नाही, मानगूट धरून उचलायचं नाही. घरी आले त्याच दिवशी शाळा सुरू! नावाने हाक मारा. आले की लगेच भाकरीचा तुकडा आणि शाबासकी. ‘लगेच’ हा शब्द महत्त्वाचा. घटकाभराने दिलेला घास कशाबद्दल, हे त्याला उमगत नाही. शिक्षेचेही तेच. सकाळी ओसरी घाण केली म्हणून दुपारी काठी उगारली, तर ते एवढेच शिकते की हा माणूस भरवशाचा नाही. त्यापेक्षा झोपून उठल्यावर आणि खाणे झाल्यावर त्याला अंगणाच्या ठरलेल्या कोपऱ्यात न्या. खेळताना दात लावले तर खेळ तिथेच थांबवा. एका वेळी दोन-तीन मिनिटे पुरेत; शिक्षकबंधूंच्या तासाइतका धीर त्याला नसतो!

“मग राखण कोण करील?” असे तुम्ही विचाराल. घरच्या माणसांत वाढलेले कुत्रेही परक्याची चाहूल लागताच भुंकते. भ्यालेल्या कुत्र्याला मात्र चोर, पोस्टमन आणि पाहुण्याचे पोर सगळे सारखेच.

लसीकरण पुरे होईपर्यंत पिलाला उकिरड्यावर, भटक्या कुत्र्यांत सोडू नका. गाव दाखवायचा तो कडेवर घेऊन. तीन महिन्यांचे झाले की पिसाळरोगाची लस, आणि पुढे पशुवैद्य सांगतील तेव्हा पुन्हा. शिक्षकांना एक विनंती आहे. कुत्र्याचा, अगदी घरच्या पिलाचा का होईना, दात लागून ओरखडा उठला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे वर्गात सांगून ठेवा. मार बसेल या भीतीने पोरे चावा लपवतात.