सांभाळणाऱ्या घराचे सव्वादोन हजार

हलाखीत वाढलेला माणूस पुढे निराधार मुलांचा आधार होतो, ही गोष्ट आपल्याला फार भावते. ती खोटी नाही. पण ती सांगताना आपण नेहमी एक माणूस गाळतो. त्या वाईट दिवसांत त्या मुलाला ज्याने घरात घेतलं, ताटात वाढलं, शाळेत धाडलं, तो माणूस. नुसत्या दुःखाने माणूस कडवटही होतो आणि खचूनही जातो. त्यातून काम उभं राहतं ते बहुतेक वेळा कुणीतरी वेळेवर सांभाळल्यामुळे. हे मान्य केलं, तर निराधार मुलांसाठीचा सरकारी पैसा सर्वांत आधी सांभाळणाऱ्या घराकडे जायला हवा. महाराष्ट्रात त्यासाठी बालसंगोपन योजना आहे, आणि तिचा कस वसई-विरारसारख्या शहरात लागतो.

योजनेचं आजचं पूर्ण नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. नाव अगदी योग्य घरातून आलं आहे. सावित्रीबाईंचे पती जोतीराव तान्हे असतानाच त्यांच्या आई चिमणाबाई गेल्या. त्यांना वाढवलं नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर यांनी. सगुणाबाई स्वतः बालविधवा. एका मिशनऱ्याच्या घरी अनाथ मुलांना सांभाळण्याचं काम त्या करत, आणि जोतीराव शिकावेत ही तळमळही त्यांचीच. या जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे सुखरूप बाळंत व्हावं, मूल नेता येत नसेल तर तिथेच ठेवावं, अशी सोय होती. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. यशवंत डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात आई सावित्रीबाईंच्या बरोबरीने रुग्णांसाठी राबला. त्याच प्लेगात त्या गेल्या. सगुणाबाईंनी जोतीरावांना सांभाळलं नसतं, तर पुढचं काहीच गृहीत धरता आलं नसतं.

यावर सिंधुताई सपकाळांचं उदाहरण पुढे केलं जाईल. त्यांना कुणी सांभाळलं? गरोदरपणात घराबाहेर काढलेल्या या बाईने भीक मागून पोट भरलं आणि तरीही त्या शेकडो मुलांच्या माई झाल्या. पण त्यांच्या आयुष्यातही वडील अभिमानजी होतेच. बायकोचा विरोध असताना गुरं राखण्याच्या निमित्ताने ते लेकीला शाळेत पाठवत. शिक्षण चौथीपर्यंतच झालं, पण त्या चार इयत्तांमागे एक माणूस उभा होता. शिवाय माईंचं धैर्य अपवादात्मक होतं. अपवादाच्या भरवशावर धोरण आखता येत नाही.

आता योजनेचं प्रत्यक्ष काम. आई किंवा वडील किंवा दोघेही नाहीत, पालक विभक्त आहेत, तुरुंगात आहेत किंवा गंभीर आजारी आहेत, अशा अठरा वर्षांखालच्या मुलाला संस्थेत न पाठवता घरातच वाढवायचं, आणि त्या घराला दरमहा अनुदान द्यायचं. एके काळी ही रक्कम ४२५ रुपये होती. मग ११०० झाली आणि २०२३ मध्ये २२५० करण्यात आली. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे जातो, गृहभेट होते आणि बालकल्याण समिती आदेश काढते. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँक पासबुक लागतं. शिवाय एक फोटो लागतो, मुलाने पालकासोबत घरासमोर उभं राहून काढलेला. साधी अट आहे, पण नालासोपाऱ्याच्या चाळीत अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या आजीने कोणत्या घरासमोर उभं राहायचं? फोटोतलं दार गृहभेटीपर्यंत बदललेलं असू शकतं.

वसई-विरारची अडचण नेमकी हीच आहे. २०११ च्या जनगणनेत इथे बारा लाखांहून जास्त लोक होते, आणि त्यांतले कितीतरी स्वस्त घराच्या शोधात आलेले. कमावता माणूस गेला की आधार द्यायला काका-मामा जवळ नसतात. रेशनकार्ड गावाकडे, मृत्यूचा दाखला मुंबईतल्या इस्पितळाच्या वॉर्डाचा, नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक. मदत कुटुंब असेल तिथे न्यावी लागते, हे वसई तालुक्याला नवं नाही. इथल्याच उसगावच्या विधायक संसद या संस्थेने वीटभट्टी मजुरांच्या मुलांसाठी भट्टीवरच भोंगाशाळा भरवल्या. मूल आईबापांजवळ राहिलं आणि शाळा त्याच्याकडे गेली.

पैसे नातेवाईकच खाऊन टाकतात, हा आक्षेप गंभीर आहे. काही घरांत तसं होतही असेल. पण त्यावर उपाय नियमित गृहभेटींचा आहे. मुलाला घरातून उचलून संस्थेत टाकल्याने ती चूक दुरुस्त होत नाही. जिथे घरातच मारहाण किंवा अत्याचार आहे तिथे बालगृह हवंच, त्याबद्दल दुमत नाही. २०१५ चा बालन्याय कायदाही संस्थेला शेवटचा पर्याय मानतो. पैशाने माया विकत घेता येत नाही, असंही म्हणतात. ते खरं आहे, पण माया असूनही भाडं थकलं की मुलाला कामाला लावणारी घरं आहेत, आणि अनुदान महिनोन्‌महिने रखडलं की त्या घरांचा तोलच जातो. प्रतिपालकत्वाच्या (फॉस्टर केअर) २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालक होता येतं. सांभाळण्याची तयारी असलेली माणसं त्यामुळे वाढतील, पण त्यांनाही कागद, गृहभेट आणि वेळेवरचं अनुदान याच वाटेने जावं लागणार.

वसईकरांसाठी ही वाट लांबचीही आहे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि मुख्यालय पालघरला गेलं. विरारहून ते रेल्वेने तीसेक किलोमीटर. धुणीभांडी करणाऱ्या बाईला एका फेरीसाठी दिवसाचा खाडा करावा लागतो, आणि कागद कमी पडला तर दुसरा. बालकल्याण समितीने महिन्यातून एक दिवस वसईत बसावं, त्या दिवशी तहसीलचा आणि महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीचा कर्मचारी शेजारच्या टेबलावर असावा, आणि भाड्याचं घर बदललं तरी आदेश चालू राहावा. यासाठी कायदा बदलावा लागत नाही, खर्चही फारसा नाही.