कानातला बिल्ला

परवा कामशेतच्या बाजारपेठेत गेलो होतो. डॉक्टरांच्या दवाखान्याची एक फळी उघडी होती आणि तिच्यावर खडूने लिहिले होते : ‘दवाखाना ३१ तारखेपासून कायमचा बंद. जुनी उधारी माफ.’ खाली सही नव्हती. तिची गरजही नव्हती. गेली चाळीस वर्षे पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ या तिन्ही खोऱ्यांत ‘डॉक्टर’ म्हटले की माणसांच्या नव्हे, गुरांच्याच डॉक्टरांचे नाव आधी निघते.

ते नाव मी येथे लिहीत नाही. त्यांनीच तंबी दिली आहे. ‘छापलंत तर तुमच्या कुत्र्याला इंजेक्शन द्यायला दुसरा डॉक्टर शोधा,’ म्हणाले. माझा कुत्रा म्हातारा आहे. तेव्हा नाव राहू द्या.

आम्ही दोघे या भागात आलो ते एकाच सुमारास, १९८० नंतरच्या दोनचार वर्षांत. मी बँकेच्या शाखेत नवा अधिकारी, ते जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नवे डॉक्टर. शिकले परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात. हे कॉलेज १८८६ सालचे. तेथून थेट मावळच्या पावसात. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे मुंबईकराला सहलीपुरते छान वाटते. पण रात्री दोन वाजता ओढा ओलांडून, कंदिलाच्या उजेडात, अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून आडवे आलेले वासरू वळवायचे असेल, तर त्या पावसाचे कौतुक उरत नाही. पुढे बदलीचा हुकूम आला तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बाजारपेठेत स्वतःचा दवाखाना थाटला. ‘इथल्या गाईंना माझा हात ओळखीचा झालाय,’ एवढेच कारण सांगितले.

आमची ओळख झाली ती एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमामुळे. त्या वेळी गरीब कुटुंबांना म्हशी घ्यायला कर्ज मिळे. काही भाग सरकारी अनुदान, उरलेले बँकेचे कर्ज. म्हैस घेतली की डॉक्टरांनी ती तपासायची, तिच्या कानात नंबराचा पत्र्याचा बिल्ला ठोकायचा आणि विमा उतरवायचा. म्हैस मेली तर डॉक्टरांचा शवविच्छेदनाचा दाखला आणि तो बिल्ला, दोन्ही हजर करायचे. बिल्ला नाही तर भरपाई नाही. नियम क्रूर वाटेल, पण त्याला कारण होते. जिवंत म्हशी कागदावर मारून पैसे उचलणारे दलाल तेव्हा गावोगाव होते.

पवन मावळातल्या एका विधवा बाईला मीच कर्ज मंजूर केले होते. घरात दोन लहान मुले, भातखाचराचा एक तुकडा. म्हैस चांगली निघाली, हप्ते वेळेवर येऊ लागले. दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाला घटसर्प आला. या रोगात गळा सुजतो, श्वास घरघरतो आणि जनावर एका दिवसात जाते. वेळेत लस टोचली तर वाचते. पण लस त्या वस्तीवर पोचायच्या आत रोग पोचला. डॉक्टर गेले तोवर सारे संपले होते. आणि म्हशीच्या कानात बिल्ला नव्हता. करवंदीच्या जाळीत कान फाटून तो कधीच पडला होता. पडल्याबरोबर बँकेला कळवायचे असते, हे त्या बाईला कोणी सांगितले नव्हते. ‘कोणी’ म्हणजे मीच.

बिल्ल्याचा नंबर माझ्या रजिस्टरात होता. दाखल्यावर डॉक्टरांनी तेवढा आकडा लिहिला असता, तर बिल्ला कुजलेल्या कानाबरोबर गेला असे काहीतरी सांगून मी प्रकरण रेटले असते. मी तसे सुचवलेही. डॉक्टर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘म्हैस हीच, हे मी शपथेवर लिहीन. पण जो बिल्ला मी पाहिला नाही, तो पाहिला असं लिहिणार नाही. आज हिच्यासाठी लिहिलं, तर उद्या दलाल दारात उभा राहील. त्याला कोणत्या तोंडानं नाही म्हणू?’

त्यांनी लिहिले ते खरे तेच लिहिले. भरपाई नामंजूर झाली. मी त्यांच्यावर संतापलो. दोन महिने बोललो नाही.

त्या बाईने मात्र कर्ज फेडले. चार वर्षे दुसऱ्यांच्या खाचरांत लावणी केली, गळ्यातली पुतळी मोडली, पण शेवटचा हप्ता भरला. आणि १९९० साली केंद्र सरकारची कर्जमाफी आली. दहा हजारांपर्यंतची थकलेली कर्जे माफ. थकलेली! ज्यांनी फेडली, त्यांना काय? काही नाही. ती शाखेत आली, काउंटरवर हात ठेवून मला म्हणाली, ‘सायेब, म्या फेडलं त्ये येड्यागत का वो?’ मी उत्तर दिले नाही. आजही माझ्याकडे ते नाही.

डॉक्टरांनी त्या घरचे पैसे पुन्हा कधी घेतले नाहीत. ती ऐकणारी नव्हती. दर दिवाळीनंतर इंद्रायणीचा तांदूळ पायलीने मोजून दवाखान्यात ठेवून जाई. (हा वासाचा तांदूळही आपल्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्राचाच.) दोघांनीही त्या म्हशीचा विषय कधी काढला नाही.

माणसाच्या डॉक्टरला रोगी सांगतो, कुठे दुखते. गुरांच्या डॉक्टरला मालक सांगतो, आणि तोही पोटफुगीच्या आधी पैशाचे दुखणे सांगतो. या धंद्याला मोठेपणा मिळत नाही, पण इतिहास मोठा आहे. बुळकांडीचे नाव आज खेड्यातल्या तरुणालाही ठाऊक नाही. एके काळी तिने गोठेच्या गोठे रिकामे केले. तिच्यासारख्या साथींवर संशोधन करायला इंग्रज सरकारने १८८९ साली प्रयोगशाळा काढली ती आपल्या पुण्यात. पुढे १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलली. २०११ मध्ये बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसलेला हा दुसराच रोग. ‘त्या कामात माझ्या हातच्या काही हजार सुया आहेत,’ डॉक्टर म्हणतात. एवढाच त्यांचा गर्व.

आणि एकच अपराधीपणा. डायक्लोफेनॅक नावाचे वेदनाशामक. लंगडणारा बैल त्याने दुसऱ्या दिवशी उभा राही. सगळ्याच डॉक्टरांनी ते टोचले, यांनीही. २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की हे औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले, तर गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात. २००६ मध्ये भारतात गुरांसाठी त्यावर बंदी आली, पण तोवर बहुतेक गिधाडे गेली होती. ‘चांगलं करायला गेलो होतो हो,’ असे म्हणून ते डोंगराच्या कड्याकडे बघतात. पूर्वी मेलेले ढोर माळावर टाकले की तासाभरात आभाळात घिरट्या सुरू होत. आता कुत्री जमतात.

मावळही बदलला. चिखलणीला बैलांऐवजी पॉवर टिलर आले. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि खाचरांचे बंगले झाले. डॉक्टरांना अलीकडे बोलावणी येत ती लोणावळ्यातल्या लॅब्रॅडॉरसाठी आणि पर्यटकांना पाठीवर घेऊन थकलेल्या घोड्यांसाठी. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली बंदी आली, २०२१ च्या अखेरीस त्या पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा खिल्लारांच्या तपासणीसाठी दारात रांग लागली. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली. पासष्टी ओलांडलेले डॉक्टर तेव्हाही वाड्यावस्त्यांवर लस घेऊन हिंडले. मग उजवा खांदा बसला. ज्या हाताने वासरे वळवली, तो आता वर जात नाही.

‘मग आता रात्री कोण येणार?’ मी विचारले.

‘१९६२ नंबरला फोन केला की सरकारी गाडी येते.’

‘ओढ्यापलीकडे?’

ते हसले. लोणावळ्यात एका तरुण मुलीने दवाखाना काढला आहे, शिरवळच्या कॉलेजात शिकलेली. कुत्र्यामांजरांवर तिचे छान चालते. तरी गेले वर्षभर ती रविवारी डॉक्टरांबरोबर गोठ्यांतून हिंडते. मागच्या महिन्यात तिने पहिले अडलेले वासरू एकटीने काढले. डॉक्टर बाहेर कंदील नव्हे, मोबाइलचा उजेड धरून उभे होते. ती येत राहील का, हे त्यांना विचारायचे धाडस मला झाले नाही.

शेवटच्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. कपाटे आवरणे चालले होते. नोंदवह्यांचा ढीग ते त्या मुलीला देणार होते. ‘कोणत्या वाडीवर कोणता रोग कधी येतो, ते सगळं यात आहे,’ म्हणाले. मी न राहवून ‘ते’ वर्ष शोधले. आमच्या बँकेचे त्या काळचे कागद मुदत संपल्यावर केव्हाच रद्दीत गेले. येथे मात्र निळ्या शाईत नोंद होती : ‘म्हैस, वय अंदाजे सहा. डावे शिंग आत वळलेले. कपाळावर चांदवा. शेपटीचा गोंडा पांढरा. डावा कान फाटलेला. बिल्ला नाही. मालकीण रडत होती.’

‘अजून आठवतं?’ मी विचारले.

‘रोज नाही,’ ते म्हणाले. ‘पावसाळ्याच्या तोंडाला.’

तेवढ्यात दारात ती बाई आली. आता आजीबाई. नातू पवना धरणाच्या काठी पर्यटकांसाठी तंबू लावतो. तिने गोठ्यात एक म्हैस मात्र हट्टाने ठेवली आहे. तिच्या कानात आता बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला आहे. म्हैस वैरण खात नव्हती.

डॉक्टरांनी फळीवरच्या खडूच्या अक्षरांकडे पाहिले, मग त्या मुलीकडे. मुलीने बॅग उचलली. डॉक्टर चपला शोधू लागले.

‘तुमचं उद्यापासून बंद ना?’ मी म्हटले.

‘उद्यापासून,’ ते म्हणाले, आणि दोघी निघाल्या होत्या त्यांच्या मागोमाग खांदा सांभाळत गेले.