उजनीकाठचा अर्धा हिशेब

सोलापूर जिल्ह्यात उजनीची टक्केवारी उसाच्या भावाइतक्याच सवयीने विचारली जाते. धरण ११७ टीएमसीचे. त्यातले ६३ टीएमसीहून अधिक पाणी मृतसाठ्यात मोडते आणि टक्केवारी धरतात ती वरच्या साडेत्रेपन्न टीएमसीची. म्हणून शून्य टक्क्यांवरही जलाशय भरपूर उरतो. पाणी त्याखाली उतरले की पारावर एकच वाक्य ऐकू येते, ‘उजनी मायनसमध्ये गेली.’ करमाळा तालुक्यातली केत्तूर, चिखलठाण, कुगाव आणि समोरच्या काठावरची कळाशी, पळसदेव, कुंभारगाव ही सगळी फुगवट्याची गावे. पाणी मागे सरते तशी काठाला गाळाची पट्टी उघडी पडते. तिथे कुणी गाळपेर करतो, कुणी चिलापीची जाळी वाळत घालतो आणि थोडे पुढे, घोटाभर पाण्यात, रोहित पक्षी मान उलटी करून चिखल गाळत उभे असतात.

पर्यटक येतात ते रोहितांसाठी. अभ्यासकाची दुर्बीण मात्र पलीकडच्या करड्या थव्यावरही थांबते. तो पट्टकादंब. डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे, पाय पिवळट केशरी. दिवसा पाण्याकाठी बसून राहायचे आणि अंधार पडला की गव्हा-हरभऱ्याच्या रानात उतरायचे, असा त्याचा क्रम.

‘यंदा पक्षी कमी आले’ ही हिवाळ्यातली नेहमीची बातमी. मग कारणे निघतात. जाळी वाढली, कृषिपंप वाढले, वाळूउपसा झाला, पुण्याकडून सांडपाणी आले. यातले काहीच खोटे नाही. पण पट्टकादंबाची वीण होते ती तिबेटात, चीनमधल्या चिंगहाई सरोवरावर, मंगोलियात. २००५ साली चिंगहाईवर बर्ड फ्लूने हजारो पाणपक्षी मेले आणि त्यांत पट्टकादंब फार मोठ्या संख्येने होते. अशा वर्षी इकडे थवा रोडावला तर केत्तूरच्या मच्छीमाराचा त्यात काय दोष? तिकडचा आकडा हातात नसला की दोष जवळ सापडेल त्याच्या माथी बसतो. हा आकडा न मिळण्यामागे विज्ञानाची अडचण थोडी आहे आणि राजकारणाची जास्त.

पुण्याचा शोध, मुंबईची कडी

गोष्ट सुरू होते १९५७ साली, शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात. माकडे मरू लागली, पाठोपाठ माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्यामागचा विषाणू शोधून काढला. हे केंद्र म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था. १९५२ साली ते उभे राहिले तेच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेचे रॉकफेलर फाउंडेशन यांच्या भागीदारीतून. सापडलेला विषाणू रशियात गोचिडीमुळे पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूचा नातलग निघाला. साहजिकच शंका आली, उत्तरेकडून येणारे पक्षी पिसांत गोचिड्या घेऊन तर येत नाहीत? जागतिक आरोग्य संघटनेने लक्ष घातले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत (बीएनएचएस) सालिम अलींच्या देखरेखीखाली पक्ष्यांना कड्या घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले.

हे काम दिसायला साधे, करायला नाजूक. जाळ्यात अडकलेला पक्षी सोडवून तळहातावर घ्यायचा. त्याची मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात धरायची, दाब पडू द्यायचा नाही. पायात धातूची हलकी कडी घालून पकडीने मिटवायची आणि ती पायावर मोकळी फिरते ना, हे पाहायचे. पंखाची लांबी, वजन, क्रमांक वहीत उतरवून पक्षी सोडून द्यायचा. कडीवर क्रमांक आणि मुंबईच्या सोसायटीला कळवा, एवढाच इंग्रजी मजकूर. कझाकस्तानात किंवा सैबेरियात कुणी शिकाऱ्याने कडी घातलेले बदक मारले तर क्रमांक मॉस्कोला जाई आणि तिथून मुंबईला. शीतयुद्ध ऐन भरात असतानाही हा पत्रव्यवहार चालू राहिला.

घोडे अडले पैशावर. १९६० च्या दशकात या कामाला आधार मिळू लागला तो एलियट मॅक्क्लूर यांच्या ‘मायग्रेटरी अॅनिमल पॅथॉलॉजिकल सर्व्हे’ या आशियाभर पसरलेल्या प्रकल्पाचा. त्या प्रकल्पाला पैसा होता अमेरिकी लष्कराचा. रोग पक्ष्यांमार्फत कसा पसरतो, हे डॉक्टरला जितके हवे असते तितकेच रोग पसरवू पाहणाऱ्यालाही. पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास जैविक युद्धासाठी तर नाही ना, ही कुजबुज भारतात सुरू झाली.

संशय अगदीच वेडा नव्हता

सालिम अलींचे सहकारी आणि भारतीय पक्ष्यांच्या दहा खंडी ग्रंथाचे सहलेखक डिलन रिप्ले दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ‘ओएसएस’ या गुप्तहेर संघटनेत होते. युद्धानंतर ते नेपाळात पक्षी गोळा करायला गेले. आपण नेहरूंच्या निकटचे आहोत, असे त्यांनी तिथे भासवले. ‘न्यूयॉर्कर’मधल्या लेखातून ही हकीकत नेहरूंच्या कानावर गेली आणि ते संतापले. पुढे रिप्ले स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख झाले. त्या संस्थेच्या पॅसिफिक महासागरातल्या पक्षी-सर्वेक्षणाला अमेरिकी लष्कराच्या जैविक युद्ध विभागाचा पैसा होता, ही बाब १९६९ मध्ये खुद्द अमेरिकेतच उघड झाली.

भारतात स्फोट झाला १९७४ साली. पीटीआयचे चक्रवर्ती राघवन यांनी परदेशी पैशावर चाललेल्या प्रकल्पांवर बातम्या दिल्या. दिल्लीतला डासांच्या जनुकीय नियंत्रणाचा प्रकल्प त्यात होता, तसा बीएनएचएसचा पक्षी-स्थलांतर प्रकल्पही होता. ज्योतिर्मय बसू यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५ मध्ये या सगळ्यावर कडक अहवाल दिला. डासांचा प्रकल्प गुंडाळला गेला. पैसा आटला आणि सत्तरच्या दशकात कड्या घालण्याचे कामही मंदावले.

या प्रकरणाकडे दोन सोप्या नजरांनी पाहता येते. एक म्हणते, राजकारण्यांनी विज्ञानाचा गळा घोटला. दुसरी म्हणते, देश वाचला. दोन्ही अपुऱ्या. समितीचे प्रश्न रास्त होते. पैसा कुणाचा, नमुने कुठे गेले, माहिती कुणाच्या कपाटात आहे? पण या प्रश्नांची उत्तरे मिळवून काम आपल्या पैशाने, आपल्या अटींवर चालू ठेवण्याची तिसरी वाट होती आणि ती कुणी धरली नाही. १९८० साली मोठा प्रकल्प पुन्हा उभा राहिला तो पीएल-४८० खाली आलेल्या अमेरिकी धान्याच्या बदल्यात साठलेल्या रुपयांवर, अमेरिकेच्याच मत्स्य व वन्यजीव सेवेमार्फत. म्हणजे एवढा गदारोळ होऊनही पैशाचा उगम अमेरिकाच राहिला.

उजनीचे बांधकाम पुरे झाले तेही १९८० सालीच. साठच्या दशकात राजस्थानातल्या भरतपुरात कड्या घातल्या जात होत्या तेव्हा हा जलाशय नव्हता, भीमेकाठी शेते होती. थव्यांनी उजनी आपलीशी केली तेव्हा ते पूर्वी कुठे उतरत होते हे सांगणारी साखळी मध्येच तुटून गेलेली होती.

पुन्हा पुन्हा तेच

शीतयुद्धाने दुसरे टोकही दाखवले. १९७२ साली अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी पर्यावरण सहकार्याचा करार केला आणि त्याच्या आधाराने १९७७ मध्ये सैबेरियन क्रौंचाची अंडी याकुतियातून अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनला विमानाने पोहोचली. बंदिवासात पिल्ले वाढली. पण भरतपूरला येणारा थवा अफगाणिस्तानवरून येई. १९७९ नंतर तिथे युद्ध पेटले आणि वाटेतल्या आब-ए-इस्तादा सरोवराचा अभ्यासच अशक्य झाला. भरतपुरात शेवटची जोडी दिसली ती २००१-०२ च्या हिवाळ्यात.

अलीकडचे उदाहरण अवकाशातले. जर्मनीच्या माक्स प्लांक संस्थेचे मार्टिन विकेल्स्की यांनी ‘इकारस’ नावाची यंत्रणा उभी केली. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या रशियन भागावर अँटेना आणि लहानशा पक्ष्याच्याही पाठीला पेलेल इतके हलके यंत्र. २०२० मध्ये ती रीतसर सुरू झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, जर्मनीने वैज्ञानिक संबंध गोठवले आणि मार्चमध्ये इकारसकडे येणारी माहिती थांबली. ज्या पक्ष्यांच्या पाठीवर यंत्रे होती ते उडतच राहिले.

आपल्या दारातही हे घडले आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कोंबड्यांत भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला. बोट लगेच स्थलांतरित पक्ष्यांकडे गेले. पुढच्याच वर्षी इंडोनेशियाने या विषाणूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेला देणे थांबवले. आमच्या नमुन्यांवर श्रीमंत देशांत लस बनणार आणि ती आम्हालाच परवडणार नाही, ही त्यांची तक्रार. जगाने ती शेवटी मान्य केली आणि २०११ मध्ये नमुने व लाभ यांच्या वाटणीचा आराखडा तयार झाला. २०२० मध्ये नागालँडमधल्या वटवाघळांच्या अभ्यासाची चौकशी झाली, कारण त्यात वुहानच्या संस्थेचे संशोधक आणि अमेरिकी संरक्षण खात्याचा पैसा, दोन्ही होते. १९७४ चे सगळे प्रश्न पुन्हा टेबलावर आले.

संशयाचे हसे होते तेही पाहावे. मे २०२३ मध्ये मुंबईत चेंबूर परिसरात एक कबूतर पकडले गेले. पायांत कड्या, पंखांवर चिनी वाटणारी अक्षरे. हेरगिरीच्या संशयावरून ते परळच्या प्राण्यांच्या रुग्णालयात आठ महिने अडकून पडले. शेवटी ते तैवानचे शर्यतीचे कबूतर निघाले.

रोहितही यातून सुटलेला नाही. त्याची मोठी वसाहत कच्छच्या मोठ्या रणात, पाकिस्तानच्या सीमेलगत आहे. परवानग्यांशिवाय तिथे जाता येत नाही.

वही कुणाची

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातल्या आणि मंगोलियातल्या पट्टकादंबांवर यंत्रे बसवून त्यांची हिमालयापलीकडची वाट शोधली गेली. दोन्ही टोकांना हात असला की काय कळते, याचा तो नमुना. पण दोन टोकांचा कायमचा बंदोबस्त अजून नाही. स्थलांतरित प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत आहे, मंगोलिया आहे. चीन आणि रशिया नाहीत. आपला पक्षी ज्या हवाई मार्गाने येतो त्या मध्य आशियाई मार्गात तीस देश येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये समरकंदच्या परिषदेत या मार्गासाठीचा समन्वय विभाग भारतात ठेवण्याचे ठरले. ही संधी मोठी आहे.

उजनीकाठालाही यात काम आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितले आहे. या नोंदवहीच्या कल्पनेमागे माधव गाडगीळांची मोठी खटपट होती. बहुतेक ठिकाणी ती एकदा भरली की कपाटात जाते. होडी चालवणाऱ्या पोरांना कुठला थवा कुठल्या खाडीत उतरतो हे तोंडपाठ असते. अभ्यासकांनी गळ्यात अक्षरांचा रंगीत पट्टा घातलेला पट्टकादंब दिसला तर ती अक्षरे, तारीख, जागा आणि त्या दिवशीची पाणीपातळी त्यांनी टिपावी. ती नोंद फक्त पक्षीनोंदीच्या अॅपमधून अमेरिकेतल्या सर्व्हरवर न जाता गावच्या वहीतही राहावी, आणि त्यावर पुढे शोधनिबंध निघाला तर टिपणाऱ्याचे नाव त्यात असावे. आंतरराष्ट्रीय करारांच्या चर्चेत हा टिपणारा माणूस कुणाच्या लेखी नसतो.

बंदी घालणारी सरकारे पुढेही येतील आणि काही वेळा त्यांचा संशय खराही असेल. त्यावर उपाय गुप्ततेत नाही. पैसा कुणाचा हे पहिल्या पानावर छापावे आणि माहितीची प्रत दोन्ही देशांत ठेवावी. समरकंदला ठरलेला विभाग उभा राहताना त्याच्या नियमांत आणखी एक कलम हवे: दोन सरकारांचे कितीही बिनसले तरी कडीचा क्रमांक आणि विणीचा वार्षिक आकडा यांची देवाणघेवाण थांबणार नाही. मॉस्को आणि मुंबईने शीतयुद्धात साध्या टपालावर हे निभावले होते. बीजिंग, उलानबातर आणि दिल्लीला ते जड जाऊ नये.