पाय पाहून क्लीट

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ असे आपण मराठीत म्हणतो. ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु’ ही कन्नड म्हणही तेच सांगते. सायकलच्या क्लीटला मात्र हा नियम उलटा लावावा लागतो. येथे पाय पाहून क्लीट बसवायची असते.

क्लीट म्हणजे बुटाच्या तळाला स्क्रूने बसवलेला छोटा तुकडा. तो पायडलमध्ये खटकन अडकतो व टाच बाहेर वळवली की सुटतो. बर्फावरील स्कीला बूट अडकवण्याच्या युक्तीवरून फ्रान्सच्या लुक कंपनीने १९८४ साली असे पायडल आणले. १९८५ साली बर्नार्द इनो यांनी ते वापरून टूर द फ्रान्स जिंकली.

तीन स्क्रूंची रुंद क्लीट शर्यतीसाठी चांगली. पण तिच्यावर चालताना पाय घसरतो. दोन स्क्रूंची धातूची क्लीट तळाच्या खाचेत राहते. जिना चढता येतो, पावसाळ्यातल्या चिखलातही ती सहसा अडत नाही. विद्यार्थ्यांना हीच सोयीची.

निपाणीहून तवंदी घाट, संकेश्वर करीत बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर. मिनिटाला ७० फेरे धरले, तर चार तासांत प्रत्येक गुडघा १६,८०० वेळा वाकतो. क्लीट किंचित वाकडी असली, तरी तो पीळ तितक्याच वेळा गुडघ्याच्या खात्यावर जमा होतो!

म्हणून प्रथम बूट घालून अंगठ्यामागच्या उंचवट्याची जागा बुटावर खुणेने दाखवावी. ती खूण पायडलच्या आसावर किंवा त्याच्या थोडी पुढे यावी. मग टेबलावर बसून पाय मोकळे सोडावेत. चवडे ज्या दिशेला आपोआप वळतात, पायडलवरही ते त्याच दिशेला राहतील अशी क्लीट बसवावी. बळेच सरळ करू नये.

बोटे बधिर होत असतील किंवा पोटऱ्या ताणत असतील, तर क्लीट टाचेकडे सरकवावी व गरज वाटल्यास सीट किंचित खाली घ्यावी. गुडघा दुखत असेल, तर आधी क्लीटची दिशा तपासावी. जुनी जागा पेनने आखून एका वेळी दोनच मिलिमीटर बदल करावा आणि काही दिवस चालवून पाहावे. इतके करूनही दुखणे राहिले, तर डॉक्टरांना दाखवावे.

नवशिक्यांनी पायडलची स्प्रिंग सैल ठेवावी, भिंतीला धरून पाय सोडवण्याचा सराव करावा आणि मगच रस्त्यावर जावे. महागडे बूट घेतले म्हणजे काम झाले असे नव्हे. एक लहानशी चावी आणि थोडा धीर, एवढ्यावर गुडघ्यांचे पुष्कळ भले होते.