अन्नपूर्णेची वही

आश्विन अमावास्येच्या सायंकाळी चौरंगावर लक्ष्मीच्या शेजारी जमाखर्चाची वही मांडली जाते. पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक रेखून 'श्री' लिहावयाचे आणि मगच आकड्यांना हात घालावयाचा, ही आपली जुनी वहिवाट. परंतु मुंबईच्या गिरणगावात दोन्ही वेळा परक्या पोरांची पाने वाढणाऱ्या खानावळवालीच्या घरी पूजेला मांडावी अशी वही मुळी नव्हतीच. तिचा हिशेब असे तो वाण्याच्या दुकानात, वाण्याच्या हस्ताक्षरात.

कोकणातून व घाटावरून आलेले गिरणीकामगार बिऱ्हाड गावी ठेवून चाळीतील एका खोलीत दाटीने राहत. त्यांच्या पाळ्या सांभाळून भाकरी थापणारी ही मावशी. तिचे पैसे यावयाचे पगाराच्या तारखेला आणि पीठमीठ लागावयाचे आजच. म्हणून महिनाभर उधारी, उधारीचा चढा भाव, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर गळ्यातले मंगळसूत्र सावकाराकडे. १९७३ च्या संपात गिरण्यांचे भोंगे थांबले, तेव्हाही या बायकांनी कामगारांची पाने मांडणे सोडले नाही. अन्नदानाचे पुण्य आपण कीर्तनातून पुष्कळ ऐकतो. उधारीच्या तांदळावर केलेल्या अन्नदानाचे व्याज कोणी फेडावयाचे, हे मात्र तेथे सांगितले जात नाही.

ते पाहिले प्रेमा पुरव यांनी. गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या आणि कामगार चळवळीत मुरलेल्या या बाईंनी १९७५ साली मंडळ स्थापन केले व त्याला नाव दिले 'अन्नपूर्णा'. १९६९ साली मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि १९७२ पासून दुर्बलांसाठी शेकडा चार टक्के व्याजाची योजनाही निघाली होती. परंतु बँक तारण मागे, जामीन मागे. आणि मावशीपाशी तवा व परात यांपलीकडे काय असणार? यावर मंडळाने काढलेली तोड मोठी साधी होती. शेजारच्या खानावळवाल्यांनी गट करावा आणि एकीसाठी दुसरीने जामीन राहावे. एकीचा हप्ता चुकला तर तो दुसऱ्यांच्या अब्रूचा प्रश्न. प्रारंभीच्या मोजक्या बायकांपासून हा व्याप हजारोंपर्यंत वाढला. रोख पैसा हाती आल्यावर धान्य ठोक भावाने घेता येऊ लागले. चढ्या उधारीतून सुटका, हीच मावशीची पहिली कमाई होय.

तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, अशी परंपरा सांगते. ऋणकोंना मोकळे करण्याचा तो संतांचा मार्ग. मंडळाने खते बुडविली नाहीत, उलट नवी लिहिली; फरक इतकाच की त्यांवर ऋणको म्हणून मावशीचे स्वतःचे नाव होते आणि व्याज तिला झेपेल एवढेच होते. प्रस्तुत लेखकास हाही मार्ग त्याच गावाला जाणारा वाटतो.

वाट सोपी मात्र नव्हती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा अखेरचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात उतरले आणि पुढे कित्येक जण गावी परतले ते कायमचेच. जेवणारेच नाहीसे झाले तर खानावळ कोणाच्या जिवावर चालावी? हप्ता मात्र कोणाची वाट पाहत नाही. संपाचे गुणगान करणाऱ्यांनी आणि त्याला दोष देणाऱ्यांनीही या चुलींची दखल फारशी घेतली नाही.

तरीही मंडळ बुडाले नाही. कामगारांची पाने उठली, तेव्हा मंडळाच्या स्वयंपाकघरातून कचेऱ्यांचे डबे जाऊ लागले. १९९३ मध्ये प्रेमाताईंच्या कन्या मेधा सामंत यांनी बँकेतील नोकरीचा अनुभव पाठीशी घेऊन पुण्याच्या वस्त्यांत हेच काम नव्याने मांडले. तेथे कर्ज मागावयास आल्या त्या भाजीवाल्या, शिवणकाम करणाऱ्या, छोटे दुकान थाटणाऱ्या बायका. तारण म्हणून त्यांच्याकडेही शेजारणीचा शब्दच होता.