नवा फोन आणि आपले हात



विश्वस्त मंडळाने या सत्रात शाळेच्या कार्यालयासाठी एक नवा स्मार्टफोन घेऊन दिला. त्याच्या आत काय काय आहे, हे आमच्यापेक्षा नववीची मुले अधिक जाणतात. परंतु पहिल्या आठवड्यात त्याचे बाह्यरूप न्याहाळताना जे लक्षात आले, ते पालकांच्या कामाचे वाटले म्हणून लिहीत आहोत. (आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. भाषेत काही उणे असेल तर ते मराठीच्या बाईंनी दुरुस्त केले असेलच.)

आमच्या टेबलाच्या खणात जुना नोकिया 1100 अजून पडून आहे. 2003 साली आलेला हा फोन अवघा 86 ग्रॅमचा. कडेला खरखरीत पकड, वर विजेरी आणि बटणांवर एकसंध आवरण, म्हणजे फटींतून धूळ आत जाऊ नये. 5 च्या बटणावर बारीक उंचवटा, त्यामुळे न पाहता अंधारातही नंबर लागत असे. नवा फोन प्रयोगशाळेच्या काट्यावर ठेवला, तो कव्हरसह दोनशे ग्रॅमच्या वर भरला. अंग गुळगुळीत, बटणे कडेला मोजून दोन-तीन. मागचा कॅमेरा इतका वर आलेला की टेबलावर फोन डुगडुगतो. सहावीतल्या एका मुलीने तर "सर, ही गॅसची शेगडी आहे का?" असे विचारले.

पाठ काचेची आहे असे दुकानदाराने सांगितले होते. नीट पाहिले तर ते चकचकीत प्लास्टिक निघाले. आम्हाला त्याचे दुःख नाही. महागड्या फोनना काचेची पाठ देतात, त्याचे एक कारण असे की वायरशिवाय होणारे चार्जिंग धातूतून होत नाही, काचेतून होते. प्लास्टिकमधूनही ते चालते, आणि प्लास्टिक पडल्यावर काचेसारखे सहज तडकत नाही. शिवाय काच असो की प्लास्टिक, पहिल्याच दिवशी तिच्यावर रबरी कव्हर चढते. मग ती चमक पाहणार कोण?

आता मुख्य गोष्ट. फोन उघडण्यासाठी कडेच्या बटणावर बोट ठेवावे लागते. कार्यालयात आलेल्या काही पालकांना आम्ही गंमत म्हणून आपापले बोट नोंदवून पाहायला सांगितले. शिक्षकांचे चटकन नोंदले गेले. लूमवर वीस वर्षे तुटलेले तार जोडणाऱ्या एका वडिलांचा अंगठा मात्र पाच वेळा ठेवूनही लागला नाही. घरी साडीवर स्टोन चिकटवणाऱ्या एका मातेचेही तसेच झाले. दोघेही ओशाळले, जणू चूक त्यांचीच. ती त्यांची नव्हती. ते बटण बोटावरच्या रेषांचे उंचवटे आणि त्यांमधल्या खाचा विजेच्या सूक्ष्म फरकाने ओळखते. कामाने रेषाच झिजल्या किंवा त्यांवर गोंदाचा थर बसला, तर त्याने वाचायचे काय? आधारच्या मशीनवरही कष्टकऱ्यांचा अंगठा याच कारणाने अडतो. स्क्रीनसुद्धा बोटातल्या विजेवरच चालते, म्हणून कोरड्या, घट्टे पडलेल्या बोटाला ती कधी दाद देत नाही. वर जाड काच चिकटवलेली असेल तर आणखीच.

उपाय सोपा आहे. गोंद धुऊन हात पुसावेत आणि ज्या बोटाने काम कमी होते ते, बहुधा डाव्या हाताची करंगळी किंवा अनामिका, नोंदवावे. तेच बोट दोनदा नोंदवले तर ओळख पटण्याची शक्यता वाढते. पिन मात्र पाठ हवाच. त्या वडिलांची करंगळी दुसऱ्या प्रयत्नात लागली!

दुसरी अडचण आपल्या बमरोलीच्या हवेतलीच आहे. खोक्यावर "आयपी" लिहून त्यापुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. धुळीचा 6 म्हणजे धूळ आत शिरत नाही. पण चार्जिंगचे भोक उघडेच राहते. कारखान्यात खिशातल्या फोनच्या त्या भोकात कापडाचे तंतू दाबून बसतात, वायर पूर्ण आत जात नाही, आणि आपण म्हणतो, "बॅटरी गेली." दुरुस्तीला नेण्याआधी फोन बंद करून भोकात विजेरी मारून पाहावे. तंतू दिसले तर लाकडी काडीने हलकेच काढावेत. सुई किंवा पिन मुळीच नको, आतली नाजूक पट्टी वाकते.

इअरफोनचे गोल भोक नव्या फोनला नाही. 2020 मध्ये ऑनलाइन वर्गांसाठी घेतलेले इअरफोन बहुतेक घरांत असतील. ते वापरायचे असतील तर फोन घेताना हे आधी पाहावे.

येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर दोन्ही फोन कार्यालयात टेबलावर ठेवलेले असतील. विद्यार्थ्यांनी ते हातात घेऊन पाहावेत. ज्या पालकांचा अंगठा लागत नाही, त्यांनी आपला फोन सोबत आणावा. नववीची मुले दुसरे बोट नोंदवून देतील. पिन मात्र स्वतःच टाकावा, मुलांना सांगू नये.