जुनें काढावें कसें ?

वसईच्या वाड्यांत पूर्वीं विहिरीवर रहाट असे. पंप आला, रहाट थांबला. परंतु थांबलेला रहाट तत्काळ मोडतां येतोच असें नाहीं. त्याच्या तुळईला पंपाची नळी बांधलेली असते, किंवा एखादा वेल तिच्यावर चढलेला असतो. म्हणून घाव घालण्यापूर्वीं तिच्या आधारानें काय उभें आहे तें पाहावें लागतें. संगणकाच्या क्षेत्रांतहि असाच प्रसंग येतो. त्याचें एक उदाहरण आम्ही विद्यार्थ्यांपुढें ठेवितों.

सन १९९६ मध्यें ॲलन के, डॅन इंगल्स व त्यांचे सहकारी यांनीं ‘स्मॉलटॉक’ भाषेंत प्रोग्रॅम लिहिण्याचें ‘स्क्वीक’ हें साधन सर्वांस खुलें केलें. त्याचा कोड कोणींहि वाचावा व बदलावा. पडद्यावरील चौकटी, बटणें व याद्या दाखविणारा भाग, ज्यास इंटरफेस म्हणतात, तो प्रथम जुन्या स्मॉलटॉककडून वारशानें आलेला होता. पुढें जॉन मलोनी यांनीं ‘मॉर्फिक’ नांवाचा नवा इंटरफेस त्यांत आणिला. तरी जुना गेला नाहीं. शिवाय मॉर्फिकच्या आधारानें मुलांसाठीं ‘इटॉइज’ रुजलें. मुलानें चित्र काढावें, त्यास चालण्याचे नियम द्यावे, आणि चित्र चालूं लागावें, अशी त्याची योजना आहे. दर मुलास एक लॅपटॉप देण्याच्या जागतिक योजनेंत हें साधन लॅपटॉपवर दिलेलें असे. त्या योजनेचा एक प्रयोग २००७ सालीं आपल्या रायगड जिल्ह्यांतील खैराट या लहानशा गांवीं झाला.

सन २००८ मध्यें कांहीं मंडळींनीं स्क्वीकपासून ‘फारो’ ही वेगळी शाखा काढिली व तींतून जुना इंटरफेस आणि इटॉइज हीं दोन्हीं काढून टाकिलीं. कारण उघड आहे. ठेविलेला प्रत्येक भाग नवख्यास वाचावा लागतो, आणि प्रत्येक बदलाच्या वेळीं तोहि तपासावा लागतो.

असा भाग काढण्याची रीत समजून घेण्याजोगी आहे. प्रथम त्यास कोठून कोठून संदेश जातात, तें शोधावें. हा शोध यंत्रच करितें; परंतु संदेशाचें नांव प्रोग्रॅम चालत असतांनाच जुळविलें जात असेल, तर तें त्यास सांपडत नाहीं. म्हणून चाचण्याहि चालवाव्या लागतात. मग त्या भागावर ‘हा आतां वापरूं नये’ अशी खूण करून वापरणारांस अवधि द्यावा. फारोंत तर अशी खूण जुन्या संदेशाच्या जागीं नवा संदेश आपोआप लिहूनहि देऊं शकते. इतकें झाल्यावर पुढील एखाद्या आवृत्तींत तो भाग काढावा.

तथापि एक प्रश्न यंत्र सोडवीत नाहीं. शुभवर्तमानांतील दाखल्यांत शेताचा धनी निदण उपटूं देत नाहीं. त्याबरोबर गहूंहि उपटला जाईल, अशी त्यास भीति वाटते. फारोच्या कारागिरांस जें निदण वाटलें, तेंच चित्र चालविणाऱ्या मुलास गहूं होतें. दोघांपैकीं कोणासहि आम्ही दोष देत नाहीं. कोड खुला असल्यामुळें एकानें आपलें शेत निंदिलें, तरी दुसऱ्याचें पीक गेलें नाहीं : स्क्वीकच्या घरीं इटॉइज राहिलें. जेथें असें दुसरें शेत नसतें, तेथें मात्र विळा उचलण्यापूर्वीं विचारपूस केलीच पाहिजे.